घरात पेइंग गेस्ट ठेवताना: आयकर आणि गृहकर्जाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राजारामपुरीत कुठल्याही गल्लीत शिरा, दोन-चार फाटकांवर पाटी दिसतेच: ‘खोली भाड्याने देणे आहे. फक्त मुलींसाठी.’ कोल्हापूरला हे नवीन नाही. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, पुढं जातीजातींची बोर्डिंगं उभी राहिली आणि बाहेरगावचं पोर आपल्या गावात शिकायला राहणार हे इथल्या अंगवळणी पडलं. मग शिवाजी विद्यापीठ आलं, गोकुळ शिरगाव-शिरोलीच्या एमआयडीसी आल्या. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथं बसतंय, त्यामुळे आता खोली शोधणाऱ्यांत ज्युनिअर वकील आणि टायपिस्टही आहेत.

मी कर सल्लागार आहे. माझ्या टेबलासमोर बसून लोक जे विचारतात तेच इथं लिहिलंय. आकडे २०२५-२६ या आर्थिक वर्षाचे आहेत. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याच्या जागी आयकर कायदा २०२५ आला आणि कलमांचे नंबर बदलले, म्हणून आयकराची कलमं मुद्दाम टाळली आहेत.

एकच खोली दिलीय, तीही ओळखीच्या पोराला. हे पण दाखवायचं?

हो. भाडं रोख मिळो, जीपेवर येवो, की महिन्याच्या एक तारखेला पोरगं पाकिटात घालून देवो, ते उत्पन्नच. ‘एवढ्याशा भाड्याला कोण विचारतंय’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. एका काकांना तर लंडनच्या नातवानं फोनवर सांगितलं होतं की राहत्या घरातल्या खोलीचं भाडं माफ असतं. नातू खोटं बोलला नव्हता. ब्रिटनमध्ये राहत्या घरात सामानासकट खोली दिली तर वर्षाला ७,५०० पौंडांपर्यंतच्या भाड्यावर कर नाही. आपल्याकडं तशी सवलत नाही.

पण दाखवायचं म्हणजे कर भरायचाच असं नाही, आणि लोक घाबरून गप्प बसतात ते याच गैरसमजामुळे. नव्या करप्रणालीत एकूण करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर रिबेटमुळे कर शून्य होतो (शेअरच्या नफ्यासारखी खास दराची उत्पन्नं सोडून). पेन्शनवर जगणाऱ्या आणि एक खोली भाड्यानं देणाऱ्या माणसाला बहुतेक वेळा एक रुपयाही लागत नाही. रिटर्न मात्र भरावं लागतं, कारण नव्या प्रणालीत ४ लाखांच्या वर उत्पन्न गेलं की रिटर्न सक्तीचं आहे, कर शून्य असला तरी.

भाड्याच्या पूर्ण रकमेवर कर लागतो का?

नाही. एक खरं वाटेल असं उदाहरण घेऊ. ८०० चौरस फुटांचं घर, त्यातली १६० फुटांची खोली दिली. म्हणजे पाचवा हिस्सा, २० टक्के. भाडं महिना ६,००० रुपये.

वर्षाचं भाडं ७२,०००. घराचा घरफाळा ७,५००, त्यातला खोलीचा हिस्सा १,५०० वजा. राहिले ७०,५००. यातून सरसकट ३० टक्के, म्हणजे २१,१५० वजा होतात. रंग दिला का, नळ बदलला का, पावती आहे का, कुणी विचारत नाही. राहिले ४९,३५०. आता गृहकर्जाचं व्याज. वर्षाचं व्याज १,८०,००० असेल तर त्याचा पाचवा हिस्सा ३६,००० याच खोलीपुढं मांडता येतो. शेवटी करपात्र उरले १३,३५०.

बहात्तर हजारांतले साडेतेरा हजार. माणूस २० टक्क्यांच्या टप्प्यात असला तरी सेससकट वर्षाला २,७७७ रुपये.

दोन गोष्टी सांभाळा. घरफाळा त्याच वर्षी खरोखर भरलेला हवा, नुसतं बिल येऊन चालत नाही. आणि हिस्सा काढताना नकाशा किंवा खरेदीपत्रातलं क्षेत्रफळ धरून एक कागद करून ठेवा. स्वयंपाकघर, हॉल दोघेही वापरतात, मग ते कुणाच्या हिश्श्यात, असा वाद येतो. मी ते घरमालकाच्या बाजूला धरतो. वजावट थोडी कमी मिळते, पण उद्या कुणी विचारलं तर उत्तर सरळ असतं.

जुनी प्रणाली घ्यावी की नवी?

स्वतः राहत असलेल्या भागाच्या व्याजाची वजावट, वर्षाला २ लाखांपर्यंत, फक्त जुन्या प्रणालीत मिळते. मुद्दलाची वजावटही (इतर बचतीसकट दीड लाखापर्यंत) तिथंच. नव्या प्रणालीत राहत्या भागाच्या व्याजाला काहीच नाही, पण भाड्यानं दिलेल्या भागाचं व्याज चालतं. म्हणजे वरच्या उदाहरणात नवी प्रणाली घेणाऱ्याला एरवी १,८०,००० चं व्याज पूर्ण वाया जात होतं. खोली दिल्यामुळे त्यातले ३६,००० तरी कामी आले.

खोलीच्या हिश्श्याचं व्याज भाड्यापेक्षा जास्त असेल तर तोटा दिसतो. जुन्या प्रणालीत हा तोटा २ लाखांपर्यंत पगारातून वजा होतो, नव्यात पगाराला हात लावता येत नाही. मोठं, ताजं कर्ज असणाऱ्या नोकरदारानं दोन्ही हिशेब मांडून बघावेत. कर्ज संपत आलेल्यांनी वेळ घालवू नये, नवीच बरी पडते.

आम्ही नाष्टा, दोन वेळचं जेवणही देतो. तेही भाडंच ना?

इथं बहुतेकांची गाडी रुळावरून घसरते.

नुसती खोली दिली तर ते ‘घरापासूनचं उत्पन्न’. राहतं घर भाड्यानं देऊन ते धंद्याच्या खात्यात टाकायची पळवाट २०२४ च्या अर्थसंकल्पानं बंद केली. पण सकाळी पोहे, रात्री आमटी-भात, धुणं, झाडलोट असं सगळं एकाच रकमेत दिलं की त्यातला जेवणाखाण्याचा भाग ‘भाडं’ राहत नाही. तो धंदा होतो, किंवा ‘इतर उत्पन्न’. त्या भागावर सरसकट ३० टक्के मिळत नाहीत, खरा खर्च वजा करायचा असतो: किराणा, गॅस, मावशींचा पगार.

आमच्या ओळखीच्या एक आजी चार मुलींना ठेवतात. त्यांच्याकडं एक लांब वही आहे. त्यात डाव्या पानावर ‘खोली’, उजव्या पानावर ‘डबा’, आणि खाली लाल पेनानं गॅसच्या टाकीची तारीख. त्यांनी मला विचारून ती वही सुरू केली नव्हती. कुठल्या मुलीनं आठ दिवस सुट्टी काढली तर डब्याचे किती कापायचे एवढ्यासाठीच ती होती. पण माझं निम्मं काम त्या वहीनं केलं. तुम्हीही करारात खोलीचं भाडं वेगळं आणि जेवणाचे वेगळे लिहा. शक्य असेल तर पावतीही वेगळी द्या.

जेवणाचा भाग धंदा म्हणून दाखवायचा तर अंदाजित पद्धत आहे: हिशेबाची पुस्तकं न ठेवता जमेच्या ८ टक्के, आणि बँकेतून किंवा यूपीआयनं आलेल्या रकमेच्या ६ टक्के इतका नफा धरता येतो. सोपं वाटतं, पण त्याला दोन शेपट्या आहेत. साठी ओलांडलेल्या माणसाला धंद्याचं उत्पन्न नसेल तर आगाऊ कर भरावा लागत नाही. धंदा दाखवला की ती सूट गेली. आणि धंद्याचं उत्पन्न असणाऱ्याला जुनी-नवी प्रणाली दरवर्षी बदलता येत नाही: एकदा जुनीत जाऊन परत नवीत आला की पुन्हा जुनीचं दार बंद. म्हणून दोन-तीन पोरांच्या जेवणाला मी सहसा ‘इतर उत्पन्न’ धरून खरा खर्च वजा करतो. दहा पोरांची मेस असेल तर तो धंदाच, त्याला दुसरं नाव देऊ नका.

घर आईच्या नावावर आहे, हप्ता मी भरतो. व्याजाची वजावट मला?

नाही, दादा. हा प्रश्न आठवड्यातून एकदा येतो आणि उत्तर ऐकून माणूस खुर्चीत मागं टेकतो. वजावटीसाठी घरावर मालकी हवी. मालक आई, म्हणून भाडंही आईचं उत्पन्न. ते तुमच्या खात्यावर येत असलं तरी. आणि व्याज तुमच्या पगारातून जातंय म्हणून तुम्हाला ते मागता येत नाही.

दोघं सहमालक असाल आणि कर्जही दोघांच्या नावावर असेल तर आपापल्या हिश्श्यानं भाडं आणि व्याज वाटून घेता येतं. आईला पेन्शन थोडी असेल तर भाडं तिच्याकडं असणं उलट चांगलंच.

मग भाडं बायकोच्या खात्यावर घेतो. चालेल?

खात्यावर घ्या, पण कर तुम्हालाच. मोबदला न घेता घर बायकोच्या नावावर केलं तरीही कायदा मालक तुम्हालाच समजतो.

कर्ज चालू आहे. खोली द्यायला बँकेला विचारावं लागतं का?

कपाटातून कर्जाचा करारनामा काढा. सह्या केलेल्या दिवसापासून कुणी उघडलेला नसतो. बहुतेक करारनाम्यांत एक ओळ असते: बँकेच्या लेखी संमतीशिवाय तारण मिळकत विकू, गहाण ठेवू किंवा भाड्यानं देऊ नये.

कायदा काय म्हणतो? मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ६५ अ नुसार घर गहाण ठेवणाऱ्याच्याच ताब्यात असेल तर त्याला ते भाडेपट्ट्यानं देता येतं: इमारत असेल तर जास्तीत जास्त तीन वर्षं, रास्त भाड्यानं, पागडी किंवा आगाऊ भाडं न घेता. पण करारनाम्यात उलट लिहिलं असेल तर करारनामा वरचढ. आणि तो जवळपास नेहमीच उलट असतो.

बँकेला भीती वेगळीच असते. हप्ते थकले आणि घराचा ताबा घ्यायची वेळ आली तर आत बसलेला माणूस म्हणेल, ‘मी भाडेकरू, मला हलवता येत नाही.’ म्हणून भाडेपट्टा करू नका, लिव्ह अँड लायसन्स करा. त्यात राहणाऱ्याला फक्त वापरायची परवानगी मिळते, घरात हक्क तयार होत नाही. मालक त्याच घरात राहतोय आणि एक खोली लायसन्सवर दिलीय, अशा पत्राला शाखेनं नाही म्हटल्याचं मी तरी फारसं पाहिलेलं नाही. साध्या कागदावर अर्ज लिहा, सोबत कराराचा मसुदा जोडा, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का-सही घेऊन पोच घरी आणा. शाखेतले साहेब ‘अहो, कशाला एवढं’ म्हणतील. तरीही पोच घ्या.

न विचारता ठेवलं तर रोजच्या व्यवहारात काही घडत नाही, हेही खरं. घडतं ते टॉप-अप, म्हणजे चालू कर्जावर वाढीव कर्ज, मागायला गेल्यावर. एका पाहुण्यांच्या घरी बँकेचा मूल्यांकन करणारा माणूस आला, मागच्या खोलीला कुलूप होतं. चावी कुणाकडं? ‘ती पोरं कॉलेजला गेलीत.’ अहवालात ओळ पडली, तिसऱ्याच व्यक्तीचा ताबा आहे म्हणून. खुलासे, हमीपत्र, पुन्हा भेट असं करता करता मुलीच्या फीची तारीख निघून गेली. पत्राची पोच असती तर दहा मिनिटांचं काम होतं. शिवाय नोंदणीकृत करार आणि रिटर्नमध्ये दिसणारं भाडं असेल तर कर्ज देणाऱ्या बऱ्याच संस्था नव्या कर्जासाठी ते उत्पन्न म्हणून धरतात.

एक पक्की रेघ आहे. हप्ते थकून सरफेसी कायद्याखाली (थकीत कर्जासाठी तारण घराचा ताबा बँकेला घेऊ देणारा कायदा) ६० दिवसांची नोटीस आली असेल, तर त्यानंतर बँकेच्या लेखी संमतीशिवाय घर कुणालाही देता येत नाही. त्या काळात ‘भाड्यातून हप्ता भागवू’ म्हणून पोरं ठेवणं म्हणजे त्यांनाही अडकवणं.

कर्ज बँकेचं नाही, पतसंस्थेचं किंवा मेव्हण्याचं आहे.

घर घ्यायला, बांधायला किंवा दुरुस्तीला पैसा लागला असेल तर व्याजाची वजावट कुणाच्याही कर्जावर मिळते. व्याज किती झालं याचा दाखला मात्र हवा. मुद्दलाच्या वजावटीसाठी कायद्यात ठरावीक संस्थांचीच यादी आहे, मेव्हणा त्यात नाही.

घर तारण ठेवून पैसा धंद्यात किंवा मुलीच्या लग्नात घातला असेल, तर त्या व्याजाचा भाड्याशी संबंध नाही. कर्ज घरावर आहे म्हणून ते घरासाठी आहे असं होत नाही.

अकरा महिन्यांचा करार नोटरीकडं केलाय. झालं की!

झालं नाही. अकरा महिन्यांची युक्ती नोंदणी कायद्यातून आली, कारण तिथं एक वर्षाच्या पुढच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे. महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायदा १९९९ चं कलम ५५ सांगतं की लिव्ह अँड लायसन्स कितीही महिन्यांचं असो, लेखी आणि नोंदणीकृत हवं. जबाबदारी घरमालकाची. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तुरुंगात गेलेला घरमालक मी पाहिलेला नाही. पण याच कलमातली दुसरी गोष्ट जास्त बोचते: नोंदणी नसेल तर अटी काय ठरल्या होत्या याबाबत राहणाऱ्याचं म्हणणं खरं धरलं जातं, तुम्ही उलट सिद्ध करेपर्यंत.

खर्च फार नाही. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये, ग्रामीण भागात ५००. मुद्रांक शुल्क एकूण भाडं आणि डिपॉझिटवरचं १० टक्क्यांनी धरलेलं व्याज यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के. एका खोलीला आकडा शेकड्यांतच राहतो. आधार आणि अंगठा देऊन घरबसल्या ऑनलाइन होतं. नोंदणीकृत करार असेल आणि मुदत संपूनही माणूस हलत नसेल, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडं (याच कायद्याखाली नेमलेला अधिकारी) जाता येतं आणि राहिलेल्या दिवसांची दुप्पट दरानं भरपाई मागता येते. राहणाऱ्याची माहिती जवळच्या पोलीस ठाण्यातही देऊन ठेवा.

डिपॉझिटवर कर?

परत द्यायचं आहे तोवर नाही. थकलेल्या भाड्यात वळतं केलं तर तेवढं भाडं. २० हजार किंवा जास्त असेल तर रोखीनं घेऊ नका, तेवढ्याच रकमेचा दंड बसू शकतो.

पोरगं पॅन नंबर मागतंय. द्यायचा?

द्यायचा. पगारातल्या घरभाडे भत्त्यावरचा कर वाचवायला त्याला तो लागतो. वर्षाचं भाडं १ लाखाच्या वर असेल तर मालकाचा पॅन सक्तीचा आहे. जे घरमालक नाही म्हणतात त्यांना भीती असते की आपलं नाव कळेल. वरचा साडेतेरा हजारांचा हिशेब त्यांनी पुन्हा वाचावा. भाड्यावरचा टीडीएस (भाडं देणाऱ्यानंच आधी कापून भरायचा कर) महिना ५० हजारांच्या पुढं लागू होतो, एका खोलीला त्याचा विचारच नको.

जीएसटी?

सेवांसाठी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाख. त्याच्या आत असाल तर विषय संपला. मोठं हॉस्टेल चालवणाऱ्यांसाठी: माणशी महिना २० हजारांपर्यंत आणि सलग किमान ९० दिवसांचा मुक्काम असेल तर जुलै २०२४ पासून ते माफ आहे.

घरफाळा वाढतो का?

बिलावर ‘वापर’ काय लिहिलाय बघा. स्वतःचा वापर आणि भाडेकरूचा वापर यांची आकारणी वेगळी होऊ शकते. एका खोलीसाठी नोंद बदलावी का, हे महापालिकेच्या घरफाळा विभागात विचारून घ्या, शेजाऱ्याला नको. वाढला तरी खोलीच्या हिश्श्याचा घरफाळा भाड्यातून वजा होतोच.

परीक्षा संपली की पोरं गावी जातात, दोन महिने खोली रिकामी. आणि एकानं तीन महिन्यांचं बुडवलं.

रिकाम्या महिन्यांचं भाडं धरायचं नाही, मिळालं तेवढंच. बुडालेलं भाडंही वजा होतं, पण त्याला अटी आहेत: व्यवहार खरा हवा, तो माणूस खोली सोडून गेलेला हवा किंवा त्याला काढायची पावलं उचललेली हवीत, तुमच्या दुसऱ्या कुठल्या जागेत राहत नको, आणि वसुलीचा कायदेशीर प्रयत्न झालेला किंवा तो निरर्थक ठरला असता हे दाखवता यायला हवं. व्हॉट्सअ‍ॅपवर नुसतं ‘कधी देणार?’ असं चार वेळा लिहिलं म्हणजे प्रयत्न झाला, असं मी म्हणणार नाही. एक रजिस्टर पत्र तरी टाका.

मागची तीन वर्षं दाखवलंच नाही. आता?

हिशेब करून बघा. कर निघतच नसेल तर जुनं उकरू नका, या वर्षापासून नीट दाखवा. निघत असेल तर अद्ययावत रिटर्न भरता येतं, करनिर्धारण वर्ष (उत्पन्नाच्या वर्षाच्या पुढचं वर्ष) संपल्यापासून ४८ महिन्यांपर्यंत. जितका उशीर तितका जादा कर: कर आणि व्याजाच्या वर २५, मग ५०, ६० आणि ७० टक्के. विभागाची नोटीस येऊन गेल्यावर ही वाट अवघड होते.

२०१९ आणि २०२१ ला घरात पाणी आलं होतं. दुरुस्तीला कर्ज काढलं, ते अजून फिटतंय. त्याचं काय?

पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट, आणि त्या दोन्ही पुरांत राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. कुंभार गल्ली, सुतारवाडा, दुधाळी भागातल्या लोकांना हे सांगायला नको. दुरुस्तीच्या कर्जाचं व्याजही वजावटीला पात्र आहे. राहत्या भागासाठी जुन्या प्रणालीत वर्षाला ३० हजारांची मर्यादा, तीही २ लाखांच्या आतली. खोलीच्या हिश्श्याला ही मर्यादा नाही, नव्या प्रणालीतही नाही. फक्त ते कर्ज दुरुस्तीसाठीच होतं याचा कागद हवा, ‘वैयक्तिक कर्ज’ एवढंच लिहिलं असेल तर गवंड्याची, फरशीवाल्याची बिलं जोडा.

आणि घराच्या विम्यात पोरांचा लॅपटॉप, गाद्या, पुस्तकं येतात असं धरून चालू नका. खालच्या मजल्यावर खोली देत असाल तर करारात एक ओळ घाला: पाणी इशारा पातळीला, म्हणजे ३९ फुटांना आलं की सामान वर हलवायची जबाबदारी कुणाची, आणि त्या दिवसांचं भाडं कापायचं की नाही.